नाशिकच्या गच्चीवरून आकाशाचा अंदाज: बीकन आणि टाइम स्टेशनं कशी ऐकायची

संध्याकाळी साडेसहाला तुम्ही शॉर्टवेव्ह रेडिओवर १४ मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, लावता आणि नुसती खरखर ऐकू येते. याचे तीन अर्थ होऊ शकतात. बँड खरोखरच बंद असेल, म्हणजे दूरचे सिग्नल पोहोचतच नसतील. बँड उघडा असेल, पण त्या घटकेला कुणी बोलत नसेल. किंवा बँडही उघडा आहे, माणसंही आहेत, पण तुमच्या अँटेनाची वायर सुटली आहे, नाहीतर शेजारच्या एलईडी दिव्याच्या गोंगाटात सगळं बुडालं आहे. कानाला तिन्ही सारखंच लागतं, आणि नवा माणूस बहुतेक वेळा पहिला अर्थ धरून रिसीव्हर बंद करतो.

फरक कळायला असं कुणीतरी हवं, जे ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या ताकदीने आणि ठरलेल्या क्षणी रोज बोलतं. जगात अशी सोय दोन प्रकारची आहे. एक म्हणजे प्रमाणवेळ सांगणारी टाइम स्टेशनं आणि दुसरी म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, मुद्दाम प्रोपगेशन, म्हणजे रेडिओलहरींचा प्रवास, तपासण्यासाठी उभारलेले बीकन. दोन्ही ऐकायला ट्रान्समीटर लागत नाही. शॉर्टवेव्हचा बरा रिसीव्हर, दहा मीटर वायर, घड्याळ आणि वही एवढ्यावर काम भागतं.

नाशिककरांना यात एक मोठी सोय आहे, ती नकाशावर अंतरं मोजेपर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित भागाच्या, एफ थरावर एकदाच आपटून येणारी लहर साधारण ४००० किलोमीटरपर्यंत जाते. नाशिकहून तेल अवीव सुमारे ४१०० किलोमीटर, हाँगकाँग ४२००, नोव्होसिबिर्स्क ३९५०, आणि चीनचं टाइम स्टेशन जिथे आहे ते शान्शी प्रांतातलं पुचेंग ३९००. नैरोबी थोडं लांब, ४६५०. म्हणजे पश्चिमेला, पूर्वेला, उत्तरेला, ईशान्येला आणि नैर्ऋत्येला, जवळजवळ एका उडीच्या अंतरावर, एकेक ठरलेला आवाज आहे. आपण त्या वर्तुळाच्या मध्यावर बसलो आहोत.

आपण नेमकं कुठलं आकाश ऐकतो?

हे आधी पक्कं करा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एका उडीचा सिग्नल आकाशाला टेकतो तो वाटेच्या मध्यावर. तो वळेल की निसटेल, हे मुख्यतः त्या मध्यबिंदूच्या वरचं आयनांबर ठरवतं. कोलंबो नाशिकपासून १६०० किलोमीटर, तर त्याचा मध्यबिंदू कर्नाटकात तुमकूरच्या आसपास येतो. तेल अवीवचा मध्यबिंदू होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ, हाँगकाँगचा म्यानमारच्या पश्चिम भागावर, नोव्होसिबिर्स्कचा काराकोरमच्या पलीकडे. नैरोबी एका उडीच्या मर्यादेबाहेर थोडं जातं, त्यामुळे तिथे बऱ्याचदा दोन उड्या लागतात, पण वाटेचा मध्य अरबी समुद्रात सोकोत्रा बेटाच्या बाजूला पडतो.

म्हणून 'बँड उघडा आहे' या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. होर्मुझवर सूर्य अजून वर असतो तेव्हा म्यानमारवर अंधार पडलेला असतो. त्याच मिनिटाला १८ मेगाहर्ट्झ पश्चिमेकडे उघडा आणि पूर्वेकडे बंद असू शकतो. प्रश्न नेहमी 'कुठे उघडा' असाच विचारायचा.

रिसीव्हर, वायर आणि गोंगाट

रिसीव्हरला एसएसबी (मोर्सचा सूर ऐकवणारी सोय) हवी, ही एकच सक्तीची अट. बीकन मोर्समध्ये बोलतात आणि मॉस्कोचं टाइम स्टेशनही. साध्या एएमवर ते ऐकू येत नाहीत, फार तर खरखर थोडी दबल्यासारखी वाटते. टेकसनचा पीएल-३३० किंवा पीएल-६६०, एक्सएचडेटाचा डी-८०८ असे हातात मावणारे संच चालतात. शॉर्टवेव्ह घेणारा एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर) आणि लॅपटॉप असेल तर आणखी सोपं, कारण फिका सिग्नल कानाआधी डोळ्याला पडद्यावर दिसतो.

अँटेनाला दहा मीटर इन्सुलेटेड वायर गच्चीच्या कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ओढा. वायर मधोमध तोडून प्रत्येकी पाच मीटरच्या दोन भुजा केल्या आणि मधून कोॲक्स केबल खाली आणली तर १४ मेगाहर्ट्झचा डायपोल होतो, आणि ऐकण्यासाठी तो वरच्या बँडांनाही पुरतो. फार लांब वायर लहान संचाला जोडली की संच गोंधळतो, नसलेल्या जागी स्टेशनं दिसू लागतात. तेव्हा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारी सोय, लावा.

आता गोंगाट. नाशिकमध्ये शॉर्टवेव्हचा खरा शत्रू हाच आहे. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर. अंबड-सातपूरच्या बाजूला राहणाऱ्यांना कारखान्यांचाही वाटा मिळतो. चाचणी सोपी आहे. रिसीव्हर बॅटरीवर ठेवा आणि अँटेना काढा. खरखर एकदम खाली आली तर अँटेना बाहेरचं काहीतरी आत आणते आहे. मग अँटेना परत लावून घरातला मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. आवाज पडला तर गोंगाट तुमच्याच घरातला, नाही पडला तर शेजारचा. आमच्याकडे मखमलाबादला वीज गेली की मी रिसीव्हरकडे धावतो. त्या अर्ध्या तासात जे फिके बीकन ऐकू येतात, ते एरवी महिनाभर सापडत नाहीत.

महिन्यातून एकदा गावाबाहेर जा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गिरणारेच्या बाजूने, किंवा अंजनेरीच्या पायथ्याला. झाडावर वायर फेकून तासभर ऐका आणि नोंदी वेगळ्या ठेवा. घरच्या आणि तिथल्या नोंदींतला फरक म्हणजे तुमच्या घरच्या गोंगाटाचं माप. द्राक्षबागेत मात्र अँटेना मांडवाच्या अगदी वर ताणू नका. मांडवाच्या तारांचं जाळं एवढं मोठं असतं की डायपोलचा स्वभाव बदलतो, आणि पंपाचा स्टार्टर जवळ असेल तर त्याचा खडखडाटही त्याच तारांवरून येतो.

टाइम स्टेशनांपासून सुरुवात करा

बीकन फिके असतात, टाइम स्टेशनं किलोवॅटमध्ये बोलतात. म्हणून कान तयार करायला हीच बरी.

नाशिकमध्ये सगळ्यात भरवशाचं म्हणजे चीनचं बीपीएम. फ्रिक्वेन्सी २.५, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झ. ५ आणि १० चोवीस तास चालू असतात. १५ मेगाहर्ट्झ मात्र आपल्या वेळेने सकाळी ६:३० ते दुपारी २:३० एवढंच, आणि २.५ मेगाहर्ट्झ दुपारी १ पासून सकाळी ६:३० पर्यंत. हे पाठ करा. दुपारी पावणेतीनला १५ वर टिकटिक नाही म्हणून आकाशाला दोष देणारे मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षात माझ्या वहीतही 'बँड बंद' अशा खोट्या नोंदी याच कारणाने झाल्या.

बीपीएमचा अर्धा तास ठरलेला असतो. पहिली दहा मिनिटं दर सेकंदाला बारीक टिक. १० ते १५ या मिनिटांत नुसती कॅरियर लहर, टिक नाही. १५ ते २५ पुन्हा टिक. २५ ते २९ या चार मिनिटांत टिक लांब होते, 'टिक'ऐवजी 'टीप' वाटते, कारण तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यावर आधारलेली यूटी१ वेळ दिली जाते. शेवटच्या मिनिटाला मोर्समध्ये बीपीएम आणि चिनी भाषेत बाईचा आवाज. हे अर्ध्या तासाने तसंच परत. भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असल्याने अर्ध्या तासाने फिरणारं कुठलंही वेळापत्रक आपल्या घड्याळात जसंच्या तसं बसतं. शेजारच्या नेपाळला, त्यांच्या पावणेसहा तासांमुळे, ही सोय नाही.

मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ४९९६, ९९९६ आणि १४९९६ किलोहर्ट्झवर आहे, अंतर साधारण ४९५० किलोमीटर. रिसीव्हर यूएसबीवर, म्हणजे एसएसबीच्या वरच्या बाजूवर, ठेवून डायल एक किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ९९९५ वर आणा, की एक किलोहर्ट्झचा स्वच्छ सूर ऐकू येतो. अर्ध्या तासाची पहिली आठ मिनिटं सलग लहर, मग एक मिनिट शांतता, नवव्या मिनिटाला मोर्समध्ये नाव, दहाव्यापासून सेकंदाला एक ठोका आणि विसाव्यापासून सेकंदाला दहा ठोके. शेवटचा तो टरटर आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. माझ्या भाच्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याने विचारलं, "मामा, हे रात्रभर कोण वाजवत बसतं?" शंका रास्त होती, कारण असा निर्जीव, अखंड आवाज रेडिओवर दुसरा नाही.

आता करायचं काय, तर चार दिवस, दिवसातून पाच वेळा, पाचेक मिनिटं: सूर्योदयाच्या आसपास, सकाळी दहाला, दुपारी साडेबाराला, सूर्यास्ताला आणि रात्री दहाला. प्रत्येक वेळी ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झ (दुपारी अडीचनंतर १५ वर बीपीएम नसतं, तेव्हा १४९९६ वरचं आरडब्ल्यूएम ऐका). दुपारची वेळ साडेबारा अशासाठी, की नाशिकचं रेखांश ७३.८ अंश आणि आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२:३५ ला.

या चार दिवसांत आयनांबराचा मूळ नियम स्वतःच कळतो. दिवसा खालचा डी थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी जास्त शोषतो. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की शोषण ढोबळमानाने चौथ्या हिश्शावर येतं. म्हणून ५ मेगाहर्ट्झचं बीपीएम सूर्य वर चढला की विरत जातं, दुपारी सापडत नाही आणि दिवेलागणीनंतर परत येतं. १० चं दुपारी दबतं, पण बऱ्याचदा तग धरतं. १५ दिवसा जोरात. रात्री उलटं: डी थर विरतो, पण वरच्या एफ थराची घनताही उतरत जाते, आणि तो जेवढी कमाल फ्रिक्वेन्सी परतवू शकतो ती खाली येते. या कमाल मर्यादेला एमयूएफ म्हणतात. वापरण्याजोगा बँड नेहमी खालून शोषणाने आणि वरून एमयूएफने बांधलेला असतो, आणि तुमचं काम या दोन कडा शोधण्याचं आहे. टाइम स्टेशनं खालची कड दाखवतात, बीकन वरची.

बीकन: तीन मिनिटांचा फेरा

नॉर्दर्न कॅलिफोर्निया डीएक्स फाउंडेशन आणि आंतरराष्ट्रीय हॅम संघटना आयएआरयू यांच्या प्रकल्पात जगभर १८ बीकन आहेत. पाच फ्रिक्वेन्सी: १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झ. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच बीकन, दहा सेकंद. १८ बीकनांचा फेरा तीन मिनिटांत पुरा होतो आणि दर तासाच्या शून्य मिनिटापासून तीन-तीन मिनिटांनी परत सुरू होतो. साडेपाच तास म्हणजे ३३० मिनिटं, त्याला तीनने पूर्ण भाग जातो, त्यामुळे इथेही जागतिक वेळ काढत बसायला नको. भिंतीवरच्या घड्याळात मिनिटकाटा तीनच्या पाढ्यावर आला की फेरा सुरू.

घड्याळ मात्र सेकंदाला बरोबर हवं. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, ती सहसा पुरते. तरी एकदा बीपीएमच्या टिकशी ताडून पाहा.

१४.१०० वर फेऱ्याची पहिली ५० सेकंदं न्यूयॉर्क, कॅनडाचा उत्तर भाग, कॅलिफोर्निया, हवाई आणि न्यूझीलंड यांची. शेवटची ४० सेकंदं मदेरा, ब्युनोस आयरिस, लिमा आणि काराकास यांची. आपल्या कामाचे नऊ बीकन मध्ये सलग आलेले आहेत, ही दुसरी सोय. फेरा सुरू झाल्यावर ०:५० ला पर्थजवळचा व्हीके६आरबीपी, १:०० ला जपानचा जेए२आयजीवाय, १:१० ला नोव्होसिबिर्स्कचा आरआर९ओ, १:२० ला हाँगकाँगचा व्हीआर२बी, १:३० ला कोलंबोचा ४एस७बी, १:४० ला प्रिटोरियाचा झेडएस६डीएन, १:५० ला नैरोबीचा ५झेड४बी, २:०० ला तेल अवीवचा ४एक्स६टीयू आणि २:१० ला फिनलंडचा ओएच२बी. ०:५० ते २:२०, दीड मिनिट कान देऊन बसा, आणि आशियापासून आफ्रिका-युरोपपर्यंतची सगळी वर्दी मिळते.

हा कागद मोठ्या अक्षरात लिहून रिसीव्हरजवळ चिकटवा. रिसीव्हर यूएसबी किंवा सीडब्ल्यूवर (मोर्सची सेटिंग), फिल्टर असेल तेवढा अरुंद. यूएसबीवर डायल १४.०९९३ च्या आसपास ठेवला की सुमारे ७०० हर्ट्झचा सूर येतो, कानाला बरा.

मोर्स येत नसलं तरी सुरुवात अडत नाही, वेळेवरून बीकन ओळखता येतो. पण फक्त वेळेवर विसंबू नका. नाव मिनिटाला २२ शब्दांच्या वेगाने जातं, तेवढं संपूर्ण पकडायला सराव लागतो, मात्र एकेकाची चाल लवकर ओळखीची होते. फिनलंडची सुरुवात तीन लांब 'डा डा डा' आणि लगेच चार झटपट 'दि'. नैरोबीची सुरुवात पाच 'दि'ने. कोलंबो आणि तेल अवीव दोघेही चार 'दि' आणि एका 'डा'ने सुरू होतात, पण कोलंबोच्या पुढे तीन 'दि' येतात. आठवड्याभरात कान हे धरतो.

आता खरी खुबी. नाव झाल्यावर प्रत्येक बीकन एकेक सेकंदाचे चार लांब डॅश देतो. नाव आणि पहिला डॅश १०० वॅटने. दुसरा १० वॅटने, तिसरा १ वॅटने आणि चौथा ०.१ वॅटने, म्हणजे खेळण्यातल्या वॉकीटॉकीएवढ्या ताकदीने. प्रत्येक पायरी दहा डेसिबलची. तुमच्या रिसीव्हरचं एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारं माप, कितीही बेभरवशाचं असो, डॅश मोजता येतात. नुसतं नाव आणि एक डॅश आला तर वाट जेमतेम उघडी आहे. दोन आले तर दहा डेसिबल हातात आहेत. तीन आले तर उत्तम. चार आले तर त्या दिशेला साध्या वायरवरून अगदी कमी ताकदीतही बोलणं होईल. पहिल्यांदा प्रिटोरियाचा चौथा डॅश ऐकला, तेव्हा सात हजार किलोमीटरवरून आलेला वॅटच्या दहाव्या हिश्शाचा तो सूर संपल्यावरही मी काही वेळ तसाच बसून होतो.

एका बीकनचा पाचही बँडांवर पाठलाग करता येतो, कारण तो दर दहा सेकंदांनी पुढच्या बँडवर सरकतो. कोलंबो १:३० ला १४.१०० वर, १:४० ला १८.११०, १:५० ला २१.१५०, २:०० ला २४.९३० आणि २:१० ला २८.२०० वर. पाचही फ्रिक्वेन्सी मेमरीत ओळीने भरा आणि दर दहा सेकंदांनी बटण दाबा. जिथे डॅश एकदम गळतात, ती त्या वाटेची एमयूएफ. समजा सकाळी नऊला तेल अवीवचे १४ वर दोन, १८ वर तीन, २१ वर दोन आणि २४.९ वर काहीच नाही. तर होर्मुझवरच्या आकाशाची कड २१ आणि २४.९ यांच्या मध्ये आहे, आणि त्या वाटेला सगळ्यात फायद्याचा बँड आत्ता १८ आहे. १४ वर एक डॅश कमी का, तर तिथे डी थराचं शोषण जास्त. पन्नास सेकंदांत ही एवढी माहिती मिळते.

कोलंबो जवळ असूनही का हरवतो

ही गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. २८.२०० वर नैरोबी स्वच्छ, कोलंबो गप्प. जवळचा आधी ऐकू यायला हवा, असं मनात येतंच. पण जवळच्या स्टेशनासाठी लहर आकाशाकडे जास्त उभी जाते, आणि उभ्या जाणाऱ्या लहरीला आयनांबर कमी फ्रिक्वेन्सीपर्यंतच परतवू शकतं. ४००० किलोमीटरच्या वाटेला एमयूएफ ही सरळ वर सोडलेल्या लहरीच्या मर्यादेच्या साधारण तिप्पट मिळते, १६०० किलोमीटरला दुपटीच्या आसपास. म्हणून वरच्या बँडांवर कोलंबो आपल्या स्किप झोनमध्ये, म्हणजे लहर वरून ओलांडून जाते त्या पट्ट्यात, पडतो. चेन्नई-बंगळुरूच्या मित्रांशी २८ वर बोलणं का होत नाही, याचंही उत्तर हेच.

याची उलट बाजू उपयोगाची आहे. २८.२०० वर कोलंबो अचानक जोरात आला, तर दोनच शक्यता. एकतर एफ थर विलक्षण घट्ट आहे, नाहीतर खालच्या ई थरात स्पोरॅडिक-ई नावाचा दाट पट्टा तयार झाला आहे, ज्याची एक उडी २००० किलोमीटरच्या आत पडते. नैरोबी आणि हाँगकाँग २८ वर गप्प आणि कोलंबो एकटा जोरात असेल, तर स्पोरॅडिक-ई समजा आणि ५० मेगाहर्ट्झकडेही नजर टाका.

आपल्या अक्षांशाचं वेगळेपण

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकी नियमांनी नाशिकचं आकाश पुरतं उलगडत नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ साली पहिलं रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा निवडलं ते याच कारणाने. त्या रेषेवर दिवसा आयनांबर वर उचललं जातं आणि दोन्ही बाजूंना उतरून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे दाट पट्टे तयार करतं. उत्तरेचा पट्टा गुजरात-मध्य प्रदेशाच्या बाजूला असतो. नाशिक ही रेषा आणि हा पट्टा यांच्या मध्ये. त्यामुळे आपल्याला वरचे बँड युरोपवाल्यांपेक्षा जास्त आणि उशिरापर्यंत मिळतात.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर एक-दोन तास दक्षिणेचे बीकन मुद्दाम ऐका. स्वच्छ सूर एकाएकी खरबरीत होतो, डॅश थरथरतो, मोर्सची अक्षरं एकमेकांत मिसळतात. कोलंबो, प्रिटोरिया आणि पर्थवर हे जास्त जाणवतं. विषुववृत्तावरच्या आयनांबरात सूर्यास्तानंतर कमी घनतेचे बुडबुडे वर चढतात, त्यांच्या कडांवरून सिग्नल विखुरतो. रिसीव्हर बिघडलेला नाही. अशा रात्री डॅश मोजताना फसायला होतं, म्हणून नोंदीत 'थरथर' असा शेरा लिहा आणि आकडा ढोबळ धरा.

वैशाखात आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजांची कडकड खालच्या बँडांवर इतकी वाढते की ५ मेगाहर्ट्झचं बीपीएम असूनही ऐकू येत नाही. सगळ्यात शांत महिने डिसेंबर-जानेवारी. निफाडकडे थंडीपासून द्राक्षं जपायला शेकोट्या पेटतात, त्या रात्री खालच्या बँडांसाठी वर्षातल्या उत्तम.

सूर्याने खोडा घातला तर

सूर्यावर मोठा स्फोट झाला की त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोहोचतात आणि पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूला डी थर एकदम दाट होतो. खालच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात आणि शेवटी परततात. एका सकाळी बीपीएम १० वरून गेलं, मग १५ वरून, आणि सोबत पाठची खरखरही खाली बसली. मी अँटेनाचं कनेक्टर उघडून पाहिलं, ते ठीक होतं. दूरच्या विजांची खरखरसुद्धा आयनांबरावरूनच येते, म्हणून तीही शोषली गेली होती. त्या वेळी २८.२०० वर नैरोबी मात्र एका डॅशने टिकून होता. ओळखायची खूण हीच: वायर तुटली तर सगळे बँड सारखे जातात, सौर स्फोटात खालून वर क्रमाने जातात. आपल्याकडे रात्र असताना स्फोट झाला तर आपल्या अंधारातल्या वाटांना धक्का लागत नाही.

भूचुंबकीय वादळाचा रंग निराळा, आणि त्यासाठी नाशिकला एक अप्रतिम साधन मिळालं आहे. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे टाइम स्टेशन कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला आहे, १०५ अंश पश्चिम रेखांशावर. आपलं रेखांश जवळजवळ त्याच्या बरोबर समोरचं. म्हणून त्याची जवळची वाट, सुमारे १३,३०० किलोमीटरची, अगदी उत्तर ध्रुवावरून येते. चुंबकीय वादळ झालं की ध्रुवाभोवतीचा प्रदेश सगळ्यात आधी बिघडतो. तर ओळीने ऐका: कोलंबो, तेल अवीव, फिनलंड, डब्ल्यूडब्ल्यूव्ही. वाट जितकी उत्तरेला तितकं नुकसान जास्त दिसलं, तर वादळ आहे. दक्षिणेच्या वाटा अशा दिवशी कधी सुधारतातही. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखच्या हानलेहून आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला होता. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून अशा वादळांच्या चुंबकीय नोंदी होत आल्या आहेत.

डब्ल्यूडब्ल्यूव्ही २.५, ५, १०, १५, २० आणि २५ मेगाहर्ट्झवर असतं. २० आणि २५ वर बीपीएम नाही, तिथली टिक त्याचीच. १० वर बीपीएमच्या खाली ते दबतं. मग त्याला शोधायचं कधी, तर बीपीएम नुसती कॅरियर सोडतं त्या १० ते १५ आणि ४० ते ४५ या मिनिटांत. पुरुषाचा आवाज डब्ल्यूडब्ल्यूव्हीचा, बाईचा आवाज इंग्रजीत असेल तर हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय स्थितीची सूचना पहिलं दर तासाला जागतिक वेळेच्या १८ व्या मिनिटाला देतं, आपल्या घड्याळात ४८ व्या. दुसरं ४५ व्या मिनिटाला, आपल्याकडे १५ व्या.

नोंदवही

तारीख, भारतीय वेळ, बीकन, पाच बँडांचे पाच आकडे, शेरा. बस. '०' म्हणजे काही नाही, 'न' म्हणजे फक्त नाव, १ ते ४ म्हणजे डॅश. रोज ठरलेल्या दोन वेळा पुरे, पण त्याच वेळा. एक दिवसाची नोंद फारसं सांगत नाही, तीन आठवड्यांच्या नोंदी खूप सांगतात. सूर्य आपल्या अक्षावर साधारण २७ दिवसांत आपल्याकडे तीच बाजू परत करतो, आणि बिघडलेले दिवस बऱ्याचदा त्याच अंतराने परत येतात. मागचं पान उलटून पाहिलं की हे दिसतं. सध्याचं सौरचक्र, म्हणजे पंचविसावं, कमाल काळात पोहोचल्याचं नासा आणि अमेरिकेची हवामान-सागर संस्था नोआ यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. पुढच्या काही वर्षांत २८ आणि २४.९ च्या रकान्यांत शून्यं वाढत जातील, ती उतरण स्वतःच्या वहीत पाहणं मोलाचं आहे.

बीकन बंदही पडतात. वीज पडते, उपकरण जळतं, सुटा भाग मिळायला महिने लागतात. 'ऐकू आला' ही नोंद पक्की असते, 'नाही आला' ही कच्ची. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर कोण बंद आहे ते दिलेलं असतं, ते आठवड्यातून एकदा पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एखाद्या दिशेचा बीकन गप्प असेल तर शेजारच्यावरून ताडा: हाँगकाँग नसेल तर जपान आणि बीपीएम, तेल अवीव नसेल तर फिनलंड आणि आरडब्ल्यूएम. संगणकावरच्या डब्ल्यूएसपीआरच्या (फिके सिग्नल आपोआप नोंदवणारं जगभरचं जाळं) नकाशांनी याला जोड मिळते, पण तिथे दुसऱ्यांच्या अँटेना बोलतात. तुमच्या गच्चीवर, तुमच्या गोंगाटात काय पोहोचतं, हे तुमचा कानच सांगणार.

ज्यांच्याकडे हॅम परवाना आहे त्यांनी शेवटची पायरी करावी. वाट दोन्हीकडून सारखीच असते. बीकनांच्या अँटेना साध्या, सगळीकडे सारखं फेकणाऱ्या असतात. तेव्हा तुमच्याकडे डायपोल आणि १० वॅट असतील, आणि तेल अवीवचा १० वॅटचा दुसरा डॅश २१.१५० वर ऐकू येत असेल, तर त्या दिशेला मोर्समध्ये तुमचा आवाज साधारण तसाच पोहोचेल. बोलून संपर्क करायचा असेल तर आणखी एक डॅश मागा. तिसरा ऐकू आला की मग २१.१५० सोडून थोडं वर सरका, बीकनची जागा मोकळी ठेवा, आणि हाक द्या.